पाकोळीतला डोळे मिटणारा संत

"मिटले! मिटले! संतानं डोळे मिटले!"

चर्चसमोरच्या चढावर एकच गलका झाला. फुगेवाल्याला फुगे डोक्यावर धरून उभं राहावं लागलं, इतकी माणसं. दर रविवारी इथे गाड्यांची रांग लागतेच. नवी असो की दहा हातांतून फिरलेली, आमच्या कोताकुचो गावात गाडी बारसं झाल्याशिवाय रस्त्याला लागत नाही. बॉनेटवर पाकळ्या, आरशांना कागदी फुलांच्या माळा, चाकांवर आणि इंजिनावर बिअरची धार. पाद्रीबाबा बादली घेऊन पाणी शिंपडत एकेका गाडीला नाव देतात. पण त्या रविवारी बादलीकडे कुणी ढुंकून बघेना. सगळा चढ एका करड्या मिनीबसच्या तोंडाशी गोळा झाला होता.

काचेमागे, मीटरच्या वर, वीतभर उंचीचा सान क्रिस्तोबाल उभा होता. वाटसरूंचा संत. खांद्यावर बाळ, हातात काठी, डोक्यामागे पिवळ्या दिव्यांचं वलय आणि डोळ्यांत दोन बारीक दिवे. गाडीची किल्ली मालकाच्या गळ्यात लोंबत होती, इंजिन थंडगार होतं, तरी संत लखलखत होता. चालकाच्या जागी उस्ताद अपोलिनार बसला होता. त्याचा पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायची घोंगडी, गळ्यापासून थेट पावलांपर्यंत आला होता, जणू खुर्चीला तंबू नेसवलाय.

एक बटाटेवाली पुढे सरली. "विचारा हो उस्ताद, माझा जावई शहरातून परत येईल का?"

उस्तादानं हात वर केले. "हे वाटांच्या राजा! हे धुळीच्या धन्या! हे सर्व वळणांच्या वळणा! या माउलीचा जावई परत येईल का?"

वलय विझलं. डोळे विझले. क्षणभर काळोख, मग पुन्हा लख्ख.

"नाही!" गर्दी ओरडली.

"बरं झालं," बटाटेवाली म्हणाली आणि उस्तादाच्या टोपीत नोट टाकून हसत निघून गेली.

मी त्या मिनीबसची धर्ममाता. हसू नका. आमच्याकडे बाळाला असते तशी गाडीलाही धर्ममाता असते. बारशाच्या दिवशी तिनं आरशाला पहिली माळ घालायची आणि पुढे जन्मभर त्या गाडीच्या सुखदुःखाची चौकशी करायची. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून गाडीच्या मालकानं, फाउस्तिनोनं, मला निवडलं. त्या दिवसापासून तो मला कोमाद्रे म्हणतो, मी त्याला कोंपाद्रे. सख्ख्या नात्याहून हे नातं जड असतं. गाडीचं नाव आम्ही पाकोळी ठेवलं, कारण ती तळ्याकाठच्या वळणांवरून पाकोळीसारखीच झुकून जाते.

तर ह्या पाकोळीला संत कसा मिळाला ते ऐका.

अपोलिनार गाड्या सजवणारा, तारा जोडणारा कारागीर. ला पाझ शहरातून आला तो खोकी घेऊन. खोक्यांत सतरा सुरांचा भोंगा, टपावर लावायचे मोठे पांढरे दिवे, छाती हादरवणारा बाजा आणि हा संत. अर्ध्या दिवसात त्यानं सगळं पाकोळीत बसवलं. मी शाळेतून येताना डोकावले, तर त्यानं बॅटरीपासून दोऱ्यासारखी एक बारीक तार काढली होती आणि ती पत्र्याच्या भोकातून आत, सतरंजीखालून पार मागे नेली होती. सगळी खोकी त्या एका तारेवर.

"उस्ताद, फ्यूज कुठे आहे?" मी विचारलं.

त्यानं छातीवर हात ठेवला. "बाई, फ्यूज म्हणजे अश्रद्धा! तिकडून संताची शक्ती वाहत यायची आणि वाटेत तुम्ही काचेची नळी लावून तिला विचारणार, तुझा परवाना कुठे आहे?"

"आणि तार एवढी बारीक?"

"भक्ती सुईच्या नेढ्यातून जाते, बाई. हत्तीच्या पायातून नाही."

फाउस्तिनो हे असं ऐकत होता जसं लहान मूल वाद्य ऐकतं. मी म्हटलं, "कोंपाद्रे, हे मला बरं दिसत नाही." तो म्हणाला, "कोमाद्रे, तू माळ घाल, तार उस्तादाला घालू दे."

दोनच दिवसांनी वळणावर लामांचा, त्या लांब मानेच्या लोकरी जनावरांचा, कळप आडवा आला. फाउस्तिनोनं करकचून ब्रेक दाबला. गाडीतल्या बायांनी त्याच क्षणी पाहिलं, संताचे डोळे मिटले. कळप गेला, गाडी हलली, डोळे उघडले. मग कुत्रं आडवं आलं, डोळे मिटले. शाळेची पोरं आडवी आली, डोळे मिटले. म्हणजे संकट दिसलं की संत डोळे मिटून आपल्यासाठी प्रार्थना करतो! बाजाराच्या दिवशी बायांनी गाणंसुद्धा रचलं. टोपल्या मांडीवर घेऊन, वळणा-वळणाला डुलत त्या गायच्या:

माझ्या गं पाकोळीला, संत बाई राखणीला
लामा उभा वळणाला, डोळा त्याचा मिटे गं

गाणं गोड होतं. मीसुद्धा गुणगुणले. गोड गाणं खोटं असतं असं नाही, पण ते खरंच असतं असंही नाही.

उस्ताद परत शहरात गेलाच नाही. त्यानं पाकोळीत आसन मांडलं आणि संताकडून हो-नाही विचारून द्यायला सुरुवात केली. डोळे उघडे तर हो, मिटले तर नाही. रोज सकाळी पाकोळीची म्हातारी बॅटरी मेलेली असायची, कारण संत रात्रभर जागा आणि त्याच तारेवरचा बाजाही जागा. मग गाडी ढकलावी लागायची, तीही चढावर. उस्ताद आत बसून खिडकीतून सांगायचा, "ढकला, लेकरांनो! हे प्रायश्चित्त आहे! जो जास्त धापा टाकेल त्याचं पाप आधी फिटेल!" नगरपालिकेचा कारकून एवढा धापा टाकायचा की लोक त्याच्याकडे संशयानं बघायला लागले.

इथवर मी हसत होते. पुढचं ऐकून माझं हसू मेलं.

मधल्या बाकाखाली, सतरंजीवर, एक जागा ऊबदार लागायला लागली. टपावरचे दिवे पेटवले की ती जागा तापायची. आमच्या उंचावरच्या थंडीत ऊब म्हणजे काय ते गुडघ्यांना विचारा. उस्तादानं जाहीर केलं की संताची पावलं तिथे टेकतात आणि तिथे बसणाऱ्याचा संधिवात पळतो. पहिली बसायला गेली फाउस्तिनोची आई, प्रिमितिवा आजी. बाक काढून टाकला आणि आजीनं तिथे घोंगडी अंथरली. एकावर एक लोकरीचे घागरे, वर शाल, डोक्यावर गोल टोपी. कोंबडी अंड्यांवर बसावी तशी ती त्या जागेवर बसायची. दर आठवड्याला दवाखान्यात सुईला जायची, ते तिनं सोडून दिलं.

"आजी, सुई चुकवू नका."

"अगं, सुई टोचते. संत शेकतो. तू शिकलेली आहेस ना, तूच सांग काय बरं."

"खाली तार तापते आहे, आजी. तीवरचं प्लास्टिक वितळेल. तुमच्या अंगावर किती लोकर आहे!"

"माझा नवरा आयुष्यात कधी तापला नाही," आजी म्हणाली, "तार तरी तापते आहे. तापू दे."

फाउस्तिनोकडे गेले तर तो म्हणाला, "कोमाद्रे, आई किती वर्षांनी हसतेय. ती ऊब मी काढून घेऊ?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या माणसाला आईचं हसू दिसतंय त्याला सतरंजीखालची तार दाखवायची तरी कशी? त्या रात्री मी ठरवलं की लोकांसमोर दाखवायची.

म्हणून त्या रविवारी मी चढावर आले. पुढे पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा वळसा घालून पाकोळीच्या मागे गेले. मागे कोणीच नव्हतं. चमत्कार पुढून बघायचा असतो ना! मागे फक्त मी, फुगे वाचवायला गर्दीतून निसटलेला फुगेवाला आणि उन्हात झोपलेलं एक कुत्रं.

पुढून उस्तादाचा आवाज आला. "हे धुळीच्या धन्या, या बाबाचं हरवलेलं डुक्कर सापडेल का?" आणि माझ्या डोळ्यांसमोर पाकोळीचे मागचे दोन्ही लाल दिवे पेटले.

"नाही!" पुढची गर्दी ओरडली.

लाल दिवे विझले. मी जागच्या जागी थबकले. पुढचा प्रश्न, लाल दिवे नाहीत. "हो!" पुन्हा प्रश्न, लाल दिवे. "नाही!"

ब्रेकचे दिवे! संत डोळे मिटतो तेव्हा कुणीतरी ब्रेक दाबत असतो. वळणावर फाउस्तिनो दाबत होता. आता तंबूच्या आत उस्तादाचा पाय दाबत होता.

आता फुगेवाल्याला दाखवावं म्हणून मी पुढच्या प्रश्नाला, लाल दिवा पेटताक्षणी, मोठ्यानं म्हटलं, "नाही!" पुढची गर्दी माझ्यानंतर म्हणाली, "नाही!" आणखी दोनदा असंच केलं. फुगेवाल्याचा जबडा खाली आला.

"बघितलंस?" मी म्हटलं. "कसं ते कळलं का?"

"कळलं, बाई!" असं म्हणून तो गुडघ्यांवर बसला. "तुमच्या अंगात संत आलाय!"

"अरे, दिवा बघ, दिवा! ब्रेकचा दिवा!"

पण तो ओरडत सुटला होता. "मागे या! मागे या! बाईंना आधी कळतं!" अर्धी गर्दी गडगडत मागे आली. एका बाईनं आपलं बाळ माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाली, "ह्याचे दात कधी येतील?" कारकून माझ्या पदराला, म्हणजे शालीच्या टोकाला, डोळे लावायला लागला. मी ओरडून सांगतेय की मी शिक्षिका आहे, तर तो म्हणतो, "सगळे महापुरुष असंच म्हणतात."

शेवटी मी बाळ परत दिलं, कोपरं वापरली आणि चालकाच्या दाराशी पोचले.

"उस्ताद, एक विनंती आहे. दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसा आणि मग विचारा."

"संताला मांडी आवडत नाही."

"संताला विचारू या ना. विचारा, मांडी चालेल का? पण पाय वर घेऊन."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "बसा की हो, एवढं काय!" एकदा लोक हसले की मागे फिरता येत नाही. उस्तादानं पोंचो सावरत पाय वर घेतले. मांडी घातल्यावर तो एकदम लहान दिसायला लागला.

"मांडी चालेल का?" मी विचारलं. संत लख्ख. "हो म्हणतोय. आता कोणीही काहीही विचारा."

बटाटेवाली परत आली होती. "माझा जावई परत येईल का?"

लख्ख. हो.

"हा बघा! मघाशी नाही म्हणाला!"

"मी बिशप आहे का?" कारकुनानं विचारलं. हो. "हे तळं बिअरचं आहे का?" हो. "उस्तादाची बायको लामा आहे का?" हो! चढ हसून लोळायला लागला. कारकुनानं तिथल्या तिथे चार जणांना आशीर्वाद दिले.

उस्तादाचा चेहरा पांढरा झाला. त्यानं शेवटचा उपाय काढला. "ह्या पाखंडानं संत रुसलाय!" तो गरजला. "ऊब उतरू दे! प्रकाश उतरू दे!" आणि त्यानं सगळी बटणं एकदम दाबली. टपावरचे दिवे भर उन्हात पेटले, बाजा धडधडला, सतरा सुरांचा भोंगा रडायला लागला.

मी मात्र ऐकत होते ते वेगळंच. आतून, सतरंजीवरून, प्रिमितिवा आजीचा आवाज. "आज जरा जास्तच प्रसन्न झालाय बाई हा."

आणि खिडकीतून धुराची एक निळसर रेघ बाहेर आली.

"धूप!" उस्ताद ओरडला. "स्वर्गीचा धूप!"

गर्दी गुडघ्यांवर. कोणी टोप्या काढल्या, कोणी रडायला लागलं. त्या धुराला धुपाचा वास नव्हता. जळक्या प्लास्टिकचा होता, आणि त्याच्या मागोमाग लोकरीचा.

"कोंपाद्रे!" मी किंचाळले. "बॅटरी सोडव! आधी वजा टोक!"

फाउस्तिनो बॉनेटपाशी उभा होता. इंजिनावर बिअरची धार धरायला त्यानं बॉनेट नुकतंच उघडलं होतं आणि पाना त्याच्या कमरेला. पण हात हलेना. "कोमाद्रे, संत विझेल..."

"संत विझला तर परत पेटवू. आई विझली तर?"

आतून आजी ओरडली, "फाउस्ता! अरे, माझं बूड पेटलं रे!"

एवढा सरळ शब्द सबंध दिवसात कोणी बोललं नव्हतं. फाउस्तिनोनं पाना लावला, हिसका दिला, ठिणगी उडाली. बाजा थांबला. भोंगा थांबला. टपावरचे दिवे गेले आणि वाटसरूंचा संत मातीचा झाला.

मी आणि बटाटेवालीनं आजीला ओढून बाहेर काढलं, गर्दीतल्या एकीनं पाण्याची बादली ओतली. ती पाद्रीबाबांची होती, ते स्वतः घेऊन धावत आले होते. घागऱ्याला ताटलीएवढं भोक पडलं होतं. त्याच्या आत दुसऱ्या घागऱ्याला वाटीएवढं. मांडीवर भाजल्याचा लाल डाग. अजून थोडा वेळ गेला असता तर त्या शांत बसलेल्या म्हातारीच्या सगळ्या लोकरीनं एकदम पेट घेतला असता, आणि अख्खा चढ हात जोडून बघत राहिला असता.

मी सतरंजी उचलली. लोक वाकले. पत्र्याला चिकटलेली काळी तार, तीवरचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं. जिथे ती पत्र्याच्या भोकातून आली होती तिथे धारदार कडेनं सोललेली.

"ही बघा संताची पावलं," मी म्हटलं. "एवढ्या बारीक तारेवर एवढे मोठे दिवे. अरुंद पाटातून सगळ्या गावाचं पाणी सोडलं तर पाट फुटतो. तशी तार तापते. फ्यूज असता तर तो पहिल्याच दिवशी जळाला असता आणि तारेचं जळणं वाचलं असतं."

"आणि डोळे?" बटाटेवालीनं विचारलं. "डोळे का मिटायचे?"

"वीज पाण्यासारखी वरून खाली वाहते. संताला एका बाजूनं बॅटरी मिळाली. दुसरी बाजू गाडीच्या पत्र्याला जोडायची असते. उस्तादानं ती जोडली ब्रेकच्या दिव्याच्या तारेला. ब्रेक सोडलेला असला की वीज संतातून उतरून त्या दिव्यातून पत्र्यात जाते, संत पेटतो. ब्रेक दाबला की ती तारही भरते. दोन्हीकडे सारखंच पाणी, मग उतार कुठला? वाहणं थांबलं. संत विझला."

सगळे उस्तादाकडे वळले. तो अजून मांडी घालूनच बसला होता. मला वाटलं, आता शाप देईल. पण तो हळूच म्हणाला, "मला पत्र्याची जागा सापडेना, बाई. सगळीकडे रंग. हाताला आली ती तार जोडली. लामांच्या वळणाची गोष्ट ऐकली तेव्हा मी पण रडलो होतो. खरंच चमत्कार वाटला. मग एकदा सीटवर बसलो आणि ब्रेकवरचा माझा पाय बघितला."

"तेव्हा सांगायचं होतंस!"

"तोवर लोकांनी गाणं रचलं होतं," तो म्हणाला.

आजीला भाजलेलं पाहून काही जण त्याच्या अंगावर धावले होते, पण हे ऐकून थबकले. कारण गाणं त्यांनीच रचलं होतं. फाउस्तिनोनं उस्तादाची टोपी नोटांसकट आजीच्या हातात दिली आणि त्याला सांगितलं, "चालत जा. ढकलायला कोणी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी आणि फाउस्तिनो अंगणात पाकोळी उघडून बसलो. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभरावर फ्यूज. टपावरच्या दिव्यांना त्यांची वेगळी जाड तार आणि वेगळा फ्यूज. पत्र्याच्या भोकात रबरी कडं, म्हणजे तार सोलली जाणार नाही. संताची दुसरी बाजू रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट आवळली. आणि सगळं किल्लीच्या हुकमात, किल्ली काढली की संतालाही झोप.

फाउस्तिनोनं फ्यूज उजेडात धरला. "हा करतो काय?"

"वीज जास्त झाली की आधी हा मरतो, म्हणून बाकीचे जगतात."

त्यानं टोपी काढली. "म्हणजे खरा संत हाच की, कोमाद्रे!"

"टोपी घाल आधी! काचेची नळी आहे ती. तिला हात जोडू नकोस. उडाली तर का उडाली ते शोध, आणि तेवढ्याच ताकदीची दुसरी लाव. मोठी नको, तार नको, चॉकलेटचा चांदीचा कागद तर मुळीच नको."

"तो मी लावणारच होतो," फाउस्तिनो म्हणाला.

माझं सांगणं एवढंच आहे. संताला हात जोडायचे तर जोडा, बाळाचं बारसं करा, गाडीचं करा, माळा घाला, गा. त्यात कोणाचं काही जळत नाही. पण जो माणूस म्हणतो की विचारू नका, उचलून बघू नका, मागे जाऊ नका, त्याला सोडून आधी तिथेच जा. प्रश्नानं विझेल अशी वस्तू देवाची नसते. आणि अंगाला ऊब लागली म्हणून आजार बरा होत नाही. संधिवाताला दवाखाना आहे.

त्या आठवड्यात मी प्रिमितिवा आजीला दवाखान्यात नेलं. नर्सनं मांडीवरची पट्टी बदलली, सुई दिली, आणि म्हातारी कुडकुडतेय पाहून कोपऱ्यातला विजेचा हीटर तिच्याजवळ सरकवला. आजीनं घागरे आवरून घेतले आणि हीटरची तार बोटानं भिंतीपर्यंत दाखवली.

"पोरी, ह्याचा फ्यूज कुठे आहे गं?"

"काय माहीत, आजी. चालतोय की."

"मग बघून ये," आजी म्हणाली. "तोवर मी थंडीत बसते."

नर्स माझ्याकडे बघून हसली. आजी हसली नाही. मग नर्स उठली आणि बघायला गेली.